अनुभव धागा : हे चाललंच कसं?

काल पोस्टग्रेस डेटाबेसच्या एका जुन्या फंक्शनात ही ओळ दिसली : ‘इफ काउंट(*) > ० फ्रॉम ऑर्डर्स देन’. क्वेरी ज्याने सुरू व्हायची त्या सिलेक्टचा पत्ताच नाही! टायपो समजून दुरुस्त करायला बसलो, तर फंक्शन मजेत चालतंय. पीएल/पीजीएसक्यूएल, म्हणजे पोस्टग्रेसमधली फंक्शनं लिहायची भाषा, एक्स्प्रेशनच्या आधी स्वतःच सिलेक्ट लावून घेतं, म्हणून मागे फ्रॉम, व्हेअर जोडलं तरी खपतं. शिवाय असाइनमेंटला (व्हेरिएबलला किंमत देताना) ‘:=’ मधला कोलन न देता नुसतं ‘=’ लिहा, एल्सिफ लिहा की एल्सइफ, सगळं गोड. तुमच्या वाट्याला असं काय आलंय?

*

एसक्यूएल सर्व्हर, मायक्रोसॉफ्टचा डेटाबेस. प्रोसिजरला बिगिन-एंड लागत नाही, बॅच (एका दमात पाठवलेला कोड) संपेपर्यंतचं सगळं तिचंच. मी स्क्रिप्टच्या शेवटी, चाचणी म्हणून, तिलाच चालवणारी एक्झेकची ओळ लिहिली आणि मधला ‘गो’, म्हणजे बॅच तोडणारी ओळ, विसरलो. प्रोसिजर बिनबोभाट तयार झाली. चालवली तर स्वतःलाच हाका मारत सुटली. ३२ पातळ्यांची मर्यादा आडवी आली म्हणून थांबली. आत एक इन्सर्ट होता. टेबलात ओळी किती? मोजून ३२.

*

सेमीकोलन ऐच्छिक, हे टी-एसक्यूएलचं (एसक्यूएल सर्व्हरच्या भाषेचं) औदार्य मला नडलं. एरर पकडणाऱ्या कॅच ब्लॉकात ‘रोलबॅक ट्रान्झॅक्शन’ (केलेले बदल मागे घे), खालच्या ओळीवर ‘थ्रो’ (तीच एरर पुढे फेक), मध्ये सेमीकोलन नाही. सर्व्हरला वाटलं, थ्रो हे सेव्हपॉइंटचं, म्हणजे मागे जाऊन थांबायच्या खुणेचं, नाव! मूळ एरर राहिली बाजूला, ‘थ्रो नावाचं काही सापडत नाही’ अशी भलतीच तक्रार, आणि रोलबॅक झालाच नाही. अर्धा दिवस मी थ्रो नावाचं ट्रान्झॅक्शन कोणी उघडलं ते शोधत होतो.

*

ओरॅकल. पॅरामीटरचं नाव आणि कॉलमचं नाव एकच ठेवलं. डिलीटच्या व्हेअरमध्ये पीएल/एसक्यूएलने (ओरॅकलच्या भाषेने) दोन्ही बाजूंना कॉलमच धरला. टेबल साफ. टेस्टवर होतो म्हणून वाचलो. तेव्हापासून प्रत्येक पॅरामीटरला ‘पी_’ लावतो.

*

वरच्यांना : व्हेरिएबल आणि कॉलमचं नाव एकच असलं तर पोस्टग्रेस ९.० पासून एरर देऊन थांबतं. ओरॅकलचंच आणखी एक. फंक्शनात कुठल्या तरी एका इफमध्ये रिटर्न असला की कंपायलर खूश. बाकीच्या वाटांनी रिकाम्या हाताने बाहेर पडलात तर ते रनटाइमला कळतं, म्हणजे युजरला आधी आणि आपल्याला नंतर.

*

टी-एसक्यूएल, लांबी न दिलेला व्हारचार (मजकुराचा प्रकार) : डिक्लेअरमध्ये १ अक्षर, कास्टमध्ये ३०. तक्रार शून्य.