शब्दचर्चा : खलनायकांशी युती, हातमिळवणी की संगनमत?

धागाकर्ती

सुपरहिरोंच्या चित्रकथांवर एक मोठा लेख लिहितेय. त्यातला एक भाग एका ठरावीक धाटणीच्या कथांवर आहे. एरवी एकमेकांच्या जिवावर उठलेले नायक आणि खलनायक एखाद्या महाबलाढ्य शत्रूपुढे एका बाजूला उभे ठाकतात. शत्रूही साधासुधा नसतो, ग्रहच्या ग्रह गिळणारा नाहीतर अख्खं विश्व पुसून टाकणारा असतो. मसुद्यात सध्या असं वाक्य आहे : ‘एका शक्तिशाली वैश्विक अस्तित्वाच्या विरोधात महानायक आणि खलनायक युती करतात.’

व्याकरण ठीक आहे, पण वाचताना बातमी वाचतोय असं वाटतं, तीही भाषांतरित. ‘युती’, ‘वैश्विक अस्तित्व’ आणि ‘महानायक’ हे तिन्ही शब्द खटकतायत. काय सुचवाल?

प्रतिसाद

‘महानायक’ आधी काढा. मराठीत महानायक म्हटलं की लोकांचा मोठा पुढारी नाहीतर पडद्यावरचा थोर नट डोळ्यांपुढे येतो, झगा फडकवत उडणारा माणूस येत नाही. ‘अतिमानव’ही नको, तो नीत्शे आणि अरविंदांच्या तत्त्वज्ञानात पुरता गुंतलाय. ‘सुपरहिरो’ पोराटोरांनाही कळतो, तोच ठेवा.

युतीला पर्याय बरेच आहेत, पण प्रत्येकाची छटा वेगळी. ‘एकजूट’ ज्यांचं हित मुळातच एक आहे त्यांची होते, गिरणीतल्या कामगारांची, शेतकऱ्यांची. बॅटमॅन आणि जोकरची एकजूट कशी होणार? ‘संगनमत’ हा फिर्यादीतला शब्द, दोघांनी मिळून तिसऱ्याला बुडवायचं असेल तेव्हाचा. विश्व वाचवायला कोणी संगनमत करत नाही. ‘साटंलोटं’ म्हणजे आज भ्रष्ट देवघेव, पण मुळात ती सोयरीक आहे : आपली मुलगी त्यांच्या घरी, त्यांची आपल्या घरी. जोकरच्या बाबतीत दोन्ही अर्थ नकोत.

‘हातमिळवणी’ घ्या. कालपर्यंतचे विरोधक आणि आज एकत्र, एवढं तो एकटा शब्द सांगतो. शिवाय त्यात ‘बघू किती दिवस टिकतं ते’ हेही ऐकू येतं.

प्रतिसाद

हातमिळवणी चालेल, पण वाक्यरचना जपा. ‘नायकांनी खलनायकांशी हातमिळवणी केली’ म्हटलं की आरोप नायकांवर येतो. ‘खलनायकांनी नायकांशी हातमिळवणी केली’ म्हटलं की त्यांचा काहीतरी डाव असणार असं वाटतं. जो कर्ता, त्याच्यावर संशय. ‘नायक-खलनायकांची हातमिळवणी’ असं षष्ठीत ठेवलंत तर पारडं कुठेच झुकत नाही.

प्रतिसाद

‘एकत्र येतात’ लिहा की सरळ! एवढा खल कशाला?

धागाकर्ती

‘खल’ शब्द चपखल पडलाय :) पण प्रत्येक वेळी ‘एकत्र येतात’ पुरत नाही. १९८४-८५ मध्ये मार्व्हल या अमेरिकी चित्रकथा-प्रकाशनाची बारा अंकांची एक मालिका आली होती. तिच्यात बियॉन्डर नावाची एक अफाट शक्ती नायक आणि खलनायक अशा दोन्ही टोळ्यांना उचलून एका जोडकाम केलेल्या ग्रहावर नेऊन टाकते आणि म्हणते, शत्रूंना मारा, हवं ते मिळेल. तिथे सगळे एकत्र ‘आले’ नाहीत, ‘आणले’ गेले, आणि आल्या आल्या एकमेकांशीच भांडले. एकत्र असणं आणि एका बाजूला असणं यातला फरक दाखवणारा शब्द हवा आहे.

प्रतिसाद

मग युतीला इतक्या सहज हाकलू नका. राजकारणाने तो शब्द वापरून वापरून गुळगुळीत केला, पण त्याचं दुसरं घर आकाशात आहे. दोन ग्रह पृथ्वीवरून पाहताना एकमेकांजवळ आलेले दिसले की ती ग्रहांची युती. २१ डिसेंबर २०२० ला गुरू आणि शनी इतके जवळ दिसले की साध्या डोळ्यांना जवळजवळ एकच ठिपका भासावा. प्रत्यक्षात तेव्हाही दोघांमध्ये सत्तर कोटी किलोमीटरहून जास्त अंतर होतं. जवळीक बघणाऱ्याच्या दिशेपुरती. ग्रहांनी आपापल्या कक्षा सोडलेल्या नसतात, आणि थोड्या दिवसांत ते पुन्हा लांब दिसू लागतात.

सुपरमॅन आणि त्याचा हाडवैरी लेक्स ल्युथर खांद्याला खांदा लावून उभे असतात तेव्हा नेमकं हेच चाललेलं असतं. ज्योतिषात आणि खगोलशास्त्रात ‘प्रतियुती’ही आहे, म्हणजे दोन गोल आकाशात समोरासमोर. या दोघांचा उरलेला सगळा इतिहास प्रतियुतीचा. विषय विश्वाचा, मग शब्द आकाशातला का नको?

प्रतिसाद

छान आहे, पण वाचकाला हे सगळं समजावून सांगितल्याशिवाय ‘युती’ वाचून त्याला जागावाटपच आठवणार.

प्रतिसाद

‘वैश्विक अस्तित्वा’कडे कोणी वळलंच नाही.

‘वैश्विक’ हल्ली हिंदीच्या संगतीने ‘जागतिक’ या अर्थाने वाचला जातो. ‘शक्तिशाली वैश्विक’ असं वाचून एखादी महासत्ता चालून आली असंच वाटेल. मराठी विज्ञानलेखनात विश्वकिरण (कॉस्मिक रे), विश्वरचनाशास्त्र हे शब्द रुळलेले आहेत, त्यातला ‘विश्व’ घ्या. या कथांना तो परकाही नाही : १९६१ मध्ये अवतरलेल्या फँटॅस्टिक फोर या चौकडीला शक्ती मिळाल्या त्या विश्वकिरणांमुळेच.

खरी अडचण ‘अस्तित्व’ची आहे. ते भाववाचक नाम, म्हणजे ‘असणं’. अस्तित्व टिकतं, धोक्यात येतं, नाकारलं जातं. ते चाल करून येत नाही. चाल करायला कुणीतरी लागतं. आपल्याकडे यासाठी जुना आणि अचूक शब्द होता, ‘भूत’ : जे झालं आहे, जे आहे ते. पसायदानात ‘भूतां परस्परें’ मैत्र मागितलंय ते याच अर्थाने. गंमत म्हणजे त्याच ओवीच्या सुरुवातीला खळही आहेत. म्हणजे तुमच्या लेखातली सगळी पात्रं तिथे आधीच हजर! पण आज ‘विश्वभूत’ लिहिलंत तर वाचक पिंपळ शोधेल, आणि ‘महाभूत’ पंचमहाभूतांनी अडवून ठेवलंय.

तेव्हा नाम शोधत बसू नका, तो काय करतो ते लिहा. गॅलॅक्टस ग्रह खातो, तो ‘जगद्भक्षक’. बियॉन्डर नुसता ‘पलीकडचा’, आणि नावाचा अर्थही तोच. सगळ्यांना मिळून म्हणायचं तर ‘विश्वाच्या मुळावर उठलेला शत्रू’. मुळावर उठणं हा अस्सल मराठी वाक्प्रचार आहे, आणि त्यात ‘शक्तिशाली’ वेगळं सांगावं लागत नाही. विश्वाच्या मुळावर उठायला तेवढी ताकद लागतेच.

प्रतिसाद

थॅनॉस या विश्वसंहारक खलनायकाला लागू, गॅलॅक्टसला नाही. मुळावर उठण्यात हेतू असतो, दुष्टावा असतो. गॅलॅक्टस १९६६ मध्ये आला तेव्हापासून त्याची गोष्ट भुकेची आहे. तो पृथ्वीचा द्वेष करत नाही, तिच्याकडे जेवण म्हणून बघतो. म्हणून तो खलनायकही नाही.

इथे मला ‘खलनायक’ या शब्दाबद्दलच बोलायचंय. संस्कृत नाट्यशास्त्राचा शब्द ‘प्रतिनायक’ आहे. दशरूपक या जुन्या नाट्यशास्त्रीय ग्रंथात त्याची लक्षणं दिली आहेत : लोभी, धीरोद्धत (गर्विष्ठ, उद्दाम), ताठर, पापी, व्यसनी, नायकाचा शत्रू. आपण ही सगळी लक्षणं ‘खल’मध्ये कोंबली आणि ‘प्रति’ सोडून दिला. या कथांमध्ये नेमका तोच लागतो. ‘प्रति’ हे नातं आहे, ‘खल’ हा स्वभाव. दोघे मिळून लढायला लागले की ल्युथर त्या लढाईपुरता सुपरमॅनचा प्रतिनायक राहत नाही, प्रतिनायकाची जागा समोरचा घेतो. खल मात्र तो तेव्हाही असतोच. आणि गॅलॅक्टसचं उलटं : प्रतिनायक आहे, खल नाही.

त्या १९८४ च्या मालिकेतच बघा. बियॉन्डरने एरवी खलनायक मानल्या जाणाऱ्या मॅग्नेटोला नायकांच्या टोळीत टाकलं, आणि इतर नायक भडकले. गॅलॅक्टस खलांच्या गटात. म्हणजे कोण खल आणि कोण नाही, याचं त्याचं गणित सगळ्यांहून निराळं होतं. तुम्ही लेखात दोन्ही शब्द वापरलेत तर हा घोळ आपोआप सुटेल.

प्रतिसाद

प्रतिनायक पटलं. बाकी खलनायक-खलनायिका असं दर वेळी लिहिण्यापेक्षा ‘खलमंडळी’ कसं वाटतं?

धागाकर्ती

खलमंडळी घेतलं! प्रतिनायकही घेते, पण एकदाच, समजावून. हातमिळवणीबद्दल अजून कोणी?

प्रतिसाद

‘संधी’चा विचार व्हावा. कौटिल्याच्या षाड्गुण्यात, म्हणजे परराष्ट्रनीतीच्या सहा मार्गांत, संधी (तह) आणि विग्रह (युद्ध) आहेतच, पण सहावा गुण आहे ‘द्वैधीभाव’ : एकाशी संधी आणि दुसऱ्याशी विग्रह, दोन्ही एकाच वेळी. तुमच्या कथांचं सूत्र शब्दशः तेच. अर्थात लेखाच्या मथळ्यात द्वैधीभाव घातलात तर कोणी वाचणार नाही.

संधीचा फायदा असा की त्यात तह आणि मोका हे दोन्ही अर्थ आहेत. भागवतात समुद्रमंथनाआधी देवांना असुरांशी संधी करायचा सल्ला मिळतो, आणि दाखला दिलाय साप-उंदराचा : गरज आहे तोवर दोस्ती. १९९१ मधल्या थॅनॉसच्या सहा अंकी कथेत ॲडम वॉरलॉक या नायकाने जमवलेल्या फौजेत डॉक्टर डूम हा खलनायकही होता. त्याचा सगळा डोळा थॅनॉसला सर्वशक्तिमान करणाऱ्या हातमोज्यावर. नायकांसाठी ती शस्त्रसंधी होती, डूमसाठी नुसती संधी. पुढे हातमोजा नेब्युला या खलनायिकेकडे जातो आणि खुद्द थॅनॉस नायकांच्या बाजूला येतो! त्याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा.

प्रतिसाद

मला ‘आम्ही एकशे पाच’ आठवलं. गंधर्वांनी दुर्योधनाला पकडून नेलं तेव्हा युधिष्ठिराने भावांना सोडवायला पाठवलं : आपसांत आम्ही शंभर आणि पाच, परक्यापुढे एकशे पाच. पण पुढचा भाग कोणी सांगत नाही. सुटका झाल्यावर दुर्योधनाला त्या उपकाराची इतकी लाज वाटली की तो प्रायोपवेशनाला, म्हणजे अन्नत्याग करून मरायला, बसला. मैत्री वगैरे काही झाली नाही. खलांना वाचवलं जाणं झोंबतं, हे चित्रकथावाल्यांनाही चांगलं माहीत आहे.

प्रतिसाद

१९८५-८६ ची डीसीची, म्हणजे मार्व्हलच्या प्रतिस्पर्धी प्रकाशनाची, बारा अंकांची कथाही घ्या, अनंत पृथ्वींवरच्या संकटाची. तिच्यात शब्दांचे सगळे प्रकार सापडतील. सुरुवातीला मॉनिटर नावाचा विश्वरक्षक नायक-खलनायकांची मिश्र पथकं बनवतो, पण किलर फ्रॉस्ट ही खलनायिका फायरस्टॉर्म या नायकासोबत काम करायला तयार नसते. मग सायको-पायरेट हा दुसऱ्यांच्या भावना बदलू शकणारा खलनायक आपल्या शक्तीने तिला त्याच्या प्रेमातच पाडतो. याला हातमिळवणी म्हणणार का? मनावरची जबरदस्ती आहे ती. मधेच खलमंडळी संधी साधून तीन पृथ्वी बळकावतात. शेवटी खरा समेट होतो तो कामं वाटून : नायक काळाच्या आरंभाकडे, खल प्राचीन ओआ ग्रहाकडे. खलांची मोहीम फसते, ते सोडा. पण हात मिळाले ते इथे, आणि तेही वेगवेगळ्या आघाड्यांवर.

प्रतिसाद

आघाडीवरून आठवलं. २००६ मध्ये डीसीच्या जस्टिस लीग या सुपरहिरो-संघाची एक ॲनिमेशन मालिका संपली. तिच्या शेवटच्या भागात लीग आणि उरलीसुरली खलमंडळी मिळून डार्कसाइड या परग्रही हुकूमशहाच्या सैन्याशी लढतात. जिंकल्यावर बक्षीस काय? पळून जायला पाच मिनिटांची सूट, मग पाठलाग सुरू. मराठीत त्यालाही आघाडीच म्हणतात. आधी आघाडी केली, मग आघाडी दिली.

धागाकर्ती

हे लेखात घालणार, विचारत नाही!

वाक्य आता असं झालंय : ‘विश्वाच्या मुळावर उठलेल्या शत्रूपुढे सुपरहिरोंची आणि खलमंडळींची तात्पुरती हातमिळवणी.’ गॅलॅक्टसचा परिच्छेद वेगळा, त्यात ‘जगद्भक्षक’. युतीचा खगोली अर्थ चौकटीत देते.

प्रतिसाद

‘तात्पुरती’ काढा. हातमिळवणीत ते आलंच.

प्रतिसाद

आणि ‘खलमंडळी’ मुळातच अनेकवचनी आहे. ‘खलमंडळींची’ कानाला ठीक लागतं, पण ‘खलमंडळीची’ही चालतं. एकच काहीतरी ठरवून लेखभर तेच ठेवा.

धागाकर्ती

‘तात्पुरती’ काढलं. अनुस्वार ठेवतेय.