आई जेवत नाही, पण गाणं लागलं की गाते

प्रश्न: आईला डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) आहे. ताटाकडे नुसती बघत बसते, भरवायला गेले की तोंड फिरवते. जुनं गाणं लागलं की मात्र अख्खं कडवं म्हणते आणि मला विचारते, ‘बाई, तुम्ही कोण?’ जेवताना गाणी लावू का?

उत्तर १: लावा, पण हळू आवाजात. तिच्या तरुणपणातली, ती बहुधा जास्त टिकतात. टीव्ही बंद. पदार्थ एका वेळी एकच, पदार्थाहून वेगळ्या रंगाच्या ताटलीत, म्हणजे नीट दिसेल.

उत्तर २: भरवू नका, हातात द्या. वास कमी येतो, म्हणून चवही लागत नाही. आमचे बाबा फक्त गोडावर तुटून पडायचे. शेवटी मी वाद घालणं सोडलं. खाताना ठसका लागत असेल तर मात्र डॉक्टरांना दाखवाच.

प्रश्नकर्ती: आज वाटी हातात दिली. अर्धी पोटात, अर्धी अंगावर. चालतंय की!