पिसं उपटणारे पोपट: इंदूरकरांचे अनुभव

कॉकटील, लव्हबर्ड, आफ्रिकन ग्रे, कोणीही असो. पिंजऱ्याखाली रोज पिसांचा सडा पडायला लागला की घरात कुणाला चैन पडत नाही. सल्ला मिळतो तो बहुतेक शेजाऱ्याचा, नाहीतर दुकानदाराचा. तुमच्याकडे काय झालं, कशाने फरक पडला, कशाने नाही, ते लिहा. दुकानांची, दवाखान्यांची नावं नकोत. एक गोष्ट आधी बघा: डोक्यावरची पिसं शाबूत आहेत का? स्वतःच्या डोक्यापर्यंत चोच पोचत नाही. छाती उघडी आणि डोकं भरलेलं असेल तर तो स्वतःच उपटतोय.
(रामबाग)

सुदामानगर: आमच्या ग्रेने छाती सपाट केली, ती मुलगा नोकरीला पुण्याला गेला त्याच सुमारास. सगळे म्हणाले, आठवण काढतोय. असेलही. पण डॉक्टरांनी आधी रक्त आणि एक्स-रे करून घेतला. पिंजऱ्याच्या जस्ताच्या मुलाम्यातून विषबाधा होऊ शकते, यकृत बिघडू शकतं. ते नाही हे कळल्यावरच एकटेपणाचं नाव घ्यायचं, असं त्यांचं म्हणणं. मग वाटीत दाणे देणं बंद केलं. आता दाणे भुट्ट्याच्या सालात गुंडाळून, कागदाच्या पुड्यांत, नाहीतर दोरीला बांधून. रानात अर्धा दिवस खाणं शोधण्यात जातो. घरात वाटी चटकन रिकामी, मग उरलेला दिवस चोचीला काम काय? उपटायला लागला की घरचे 'अरे अरे' करत धावायचे, तेही थांबवलं, कारण त्याला तेच हवं असायचं. छातीवर राखाडी लव आली. पोटाखाली नाही आली. वर्षानुवर्षं उपटलं की पिसाचं मूळच जातं म्हणे.

लोकमान्य नगर: लव्हबर्डची जोडी. मादीचं डोकं बोडकं, म्हणजे नराचे उद्योग. दोन पिंजरे शेजारी ठेवले, मध्ये चोच पोचणार नाही इतकं अंतर. पिसं परत आली.

महू: कॉकटील पंखांखाली ओरडत-ओरडत उपटायची. ताजी विष्ठा तपासली, जियार्डिया (आतड्यातला सूक्ष्म परजीवी) निघाला. पहिल्या तपासणीत सापडला नव्हता, डॉक्टरांनीच पुन्हा करायला लावली. औषध वजनावर ठरतं, अंदाजाने देऊ नका. त्याआधी दुकानदाराने मोहरीचं तेल चोळायला सांगितलं होतं. तेलाने पिसं चिकटतात, अंगाची ऊब जाते, वर ते चोचीवाटे पोटातही जातं. भिया, पक्षी आहे, कैरीचं लोणचं नाही!

विजयनगर: आमच्याकडे उन्हाळ्यात वाढतं. एप्रिल-मेची कोरडी हवा, त्यात एसी. रोज सकाळी साध्या पाण्याचा बारीक फवारा मारतो, त्यालाही आवडतो. कोपऱ्यातला पुठ्ठ्याचा खोका काढून टाकला. अंधारी जागा मिळाली की हे घरट्याच्या नादाला लागतात आणि उपटणं वाढतं. त्याच कारणाने पाठीवरून हात फिरवायचा नाही, फक्त डोकं खाजवायचं. झोप १०-१२ तास हवी. पण सराफ्याच्या रात्रीच्या खाऊगल्लीतून खाऊन-पिऊन रात्री उशिरा परतल्यावर टीव्ही लावणाऱ्या घरात बिचारा झोपणार कधी? खाण्याचंही बघा. नुसत्या सूर्यफुलाच्या बियांत व्हिटॅमिन ए जवळजवळ नसतं. गाजर, मेथी, ढोबळी मिरची हळूहळू लावली. सकाळच्या पोह्यांवरच्या शेवेतला त्याचा वाटा बंद, मीठ फार. यावर आजी अजून रुसलेली आहे.

पागनीस पागा: चोच अंगापर्यंत पोचू नये म्हणून गळ्यात कॉलर घातली, जखम भरली. काढली, पुन्हा सुरू.

सुदामानगर: होणारच. कॉलर जखमेसाठी, उपटण्याचं मूळ कारण तसंच राहतं.

पागनीस पागा: पण त्या वेळी रक्त थांबणं महत्त्वाचं होतं. कॉलरला नावं ठेवू नका.

छत्रीबाग: आमच्याकडे आजोबांच्या वेळचा हिरवा पोपट आहे, तोही उपटतो. दवाखान्यात नेलं तर चालेल का?

रामबाग: अहो, न्याच. मात्र आपले देशी पोपट पाळायला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंदी आहे, तेव्हा वनखात्याशीही बोलून घ्या. घाबरून उडवून देऊ नका, जन्म पिंजऱ्यात काढलेला पक्षी मांजराच्या तोंडी जाईल. आणि कोवळ्या पिसाच्या नळीत रक्त असतं. ती तुटून थेंब गळत असतील तर कॉर्नफ्लोअर दाबून धरा आणि लगेच निघा.