गाईडच्या मागे मागे: चुनखडीच्या गुहांचे अनुभव

लेण्यांवर भरपूर लिहून झालंय, हा धागा नैसर्गिक गुहांसाठी. आपल्या सह्याद्रीत सगळा बेसॉल्ट, त्यामुळे लवणस्तंभांच्या मोठ्या गुहा बघायच्या तर बहुतेकांना राज्याबाहेरच जावं लागतं. तिकीट काढून गाईडबरोबर फिरला असाल तर लिहा. गाईड कसा होता तेही लिहा, माझ्या मते निम्मी गुहा तोच दाखवतो.

सुरुवात माझ्यापासून. अराकूजवळची बोर्रा. विशाखापट्टणमहून किरंदुलच्या गाडीने गेलो, बोगद्यामागून बोगदे, आणि उतरायचं स्टेशन बोर्रा गुहालू. तोंडच एवढं अवाढव्य की आत गेल्यावरही बराच वेळ उजेड पाठ सोडत नाही. आमचा गाईड टॉर्च मारत सुटला, हे शिवलिंग, ही गाय, हे ऋषी, आणि मुलं खुशीत. मग म्हणाला, आत्ता तुमच्या डोक्यावरून रेल्वेलाईन जातेय. सगळे वर बघायला लागले, जसं काही दिसणारच होतं! रंगीत दिवे मात्र मला अजिबात आवडले नाहीत, दगडाचा खरा रंग कळतच नाही.

चिंचगूळ
रंगीत दिव्यांबद्दल +१. आम्ही आंध्रातलीच बेलम केली, गंडिकोटाला जोडून. ही बोर्राच्या अगदी उलट, वरून सपाट माळरान, कुठे काही आहे असं वाटणारही नाही, आणि जमिनीतल्या खड्ड्यात जिन्याने उतरायचं. एकूण लांबी ३२२९ मीटर, त्यातली साधारण दीड किलोमीटर बघता येते. गारवा असेल म्हणून खुशीत उतरलो तर आत घामाच्या धारा! पाईपमधून बाहेरची हवा सोडतात, गाईडने तिथेच थांबवून दम खाऊ दिला. भिंती गुळगुळीत, पाण्याने कापून नेलेल्या, आणि छताकडे बघितलं की प्रवाहाची वळणं तशीच्या तशी दिसतात. ब्रिटिश भूगर्भशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्रूस फूट यांनी १८८४ मध्ये या गुहेची नोंद केली, मग जवळपास शंभर वर्षांनी, १९८२-८३ ला जर्मन टीमने नीट मोजणी केली, हे सगळं गाईडने तेलुगू-हिंदी मिसळून सांगितलं आणि वर म्हणाला "सर, आमचे गाववाले आधीपासून जात होते, त्यांची नोंद कोण घेणार". मला हा माणूस जाम आवडला. पाताळगंगेपर्यंत नक्की जा, सर्वात खोल जागा तीच.

रानपाखरू
कोटमसर, छत्तीसगडमध्ये जगदलपूरजवळ. गाईडशिवाय सोडत नाहीत आणि पावसाळ्यात बंद, पाणी भरतं. आंधळे मासे आहेत आत. वाट अरुंद, चपला घालून जाऊ नका.

परदेशस्थ_काकू
अमेरिकेत केंटकीची मॅमथ केव्ह. जगातली सर्वात लांब, आत्तापर्यंत ६८० किलोमीटरच्या वर मोजलीये. लवणस्तंभांची आरास बघायला जाल तर काही टूरवर निराश व्हाल, वर सॅंडस्टोनचं छप्पर असल्याने बराच भाग कोरडा आहे. पण गोष्टी ऐकाव्यात तर इथेच. स्टीफन बिशप नावाचा गुलाम १८३८ पासून इथे गाईड होता, त्यानेच बॉटमलेस पिट नावाचा खोल खड्डा ओलांडून पुढचे रस्ते शोधले आणि नंतर स्मरणशक्तीवर नकाशा काढला. छतावर जुन्या पाहुण्यांनी मेणबत्तीच्या काजळीने लिहिलेली नावं अजून आहेत (म्हणजे ही हौस फक्त आपल्याचकडे नाही बरं का). रेंजरबाईंनी सगळे दिवे बंद केले, मी हात डोळ्यासमोर धरला तरी दिसेना, आणि कोणाचं तरी स्मार्टवॉच लुकलुकलं तर सगळा ग्रुप एकदम "अय्या" टाईप ओरडला. बाहेर पडताना साबणाच्या पाण्याच्या चटईवरून चालवतात, वटवाघळांच्या रोगाची बुरशी बुटाला लागून दुसरीकडे जाऊ नये म्हणून.

चिंचगूळ
आपल्याकडे एका गुहेत (नाव नको) गाईड अंधार करून "पुढचं बघायचंय तर वेगळे पैसे" म्हणाला होता. भांडलो, मग लागले दिवे.

टोपलीभर
हाहा! वायटोमो, न्यूझीलंड. होडीत बसायचं, गाईड वरचा दोर ओढत होडी पुढे नेतो, बोलायचं नाही, फोटो नाहीत. छतभर चमकणारे निळसर ठिपके. आईने हळूच हात जोडले, तेवढ्यात आठवलं की मघाशीच गाईडने सांगितलं होतं, या भुकेल्या अळ्या आहेत, चिकट धागे सोडून किडे धरतात. आई म्हणाली, असू देत, पोट सगळ्यांनाच आहे.

नवी_सभासद
सासूबाईंचे गुडघे दुखतात, यातलं काय जमेल?

परदेशस्थ_काकू
भारतातलं कठीण आहे, बोर्राला पायऱ्याच पायऱ्या. युरोप करणार असाल तर स्लोव्हेनियातली पोस्तोयना बघा, आत चक्क ट्रेन आहे. १८७२ मध्ये रूळ टाकले तेव्हा गाईडच डबे ढकलायचे म्हणे! तरी दीडेक किलोमीटर चालावं लागतंच, चढउतारही आहे. आणि आत बारा महिने १० डिग्री, स्वेटर हॅंडबॅगेतच ठेवा, बसमध्ये राहिला की संपलं.