परदेशातील युद्धात कामी आलेला घरातला तरुण : आपल्या आठवणी

परदेशातील लढाईत आपल्या घरातील एखादा तरुण कामी आला असल्यास त्याचे स्मरण घरात कसे राखले गेले, हे मुंबईकरांनी लिहावे.

लालबाग

आजोबांचे धाकटे भाऊ १९४४ साली मराठा पलटणीतून लढताना इटलीत पडले. तार माणगाव तालुक्यातील आमच्या गावी गेल्यामुळे गिरणीत असलेल्या आजोबांना ते पुष्कळ उशिरा कळले. मृत्यूची तिथी ठाऊक नसल्याने, शस्त्राने मरण आलेल्यांसाठी पितृपक्षात जी चतुर्दशी मानली जाते, त्या दिवशी आजी त्यांचे पान वाढत असे. पुढे राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या नोंदींत दिनांक सापडला आणि पंचांगावरून तिथीही काढता आली असती. परंतु आईने चतुर्दशीच चालू ठेवली, आणि मला तेच योग्य वाटते.

ज्यांची समाधी ज्ञात नाही अशा ४,००० हून अधिक सैनिकांची नावे इटलीतील कॅसिनो या गावच्या स्मारकावर आहेत, त्यांत आजोबांच्या भावाचेही आहे. आमच्याच तालुक्यातील पळसगावचे नाईक यशवंत घाडगे यांचे नावही तेथेच आहे. १० जुलै १९४४ रोजी तुकडीतील बाकीचे सारे मारले गेल्यावर वा जखमी झाल्यावर त्यांनी एकट्याने मशीनगनच्या ठाण्यावर चाल केली आणि वयाच्या २२ व्या वर्षी देह ठेवला. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांचा पुतळा माणगावला उभा आहे. आमच्याकडे मात्र आजोबांच्या भावाचे साधे छायाचित्रही नाही. दाराच्या चौकटीला त्यांचे डोके लागत असे, एवढेच आजी सांगे.

मुलुंड

माझा थोरला भाऊ १९८७ च्या अखेरीस श्रीलंकेत शांतिसेनेत असताना गेला. तेथे एवढी लढाई चालली आहे याची शेजाऱ्यांना कल्पनाच नव्हती, आणि भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ती समजावून सांगणे वडिलांना फार जड जाई. मुंबईत जन्मलेले मेजर रामस्वामी परमेश्वरन त्याच नोव्हेंबरात तेथे पडले. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र जाहीर झाले, तेव्हा कोठे इमारतीतले लोक नीट विचारपूस करू लागले.

गिरगाव

आमचे पणजोबा सैनिक नव्हते, पहिल्या महायुद्धात बुडालेल्या जहाजावरचे कोकणी खलाशी होते, तरीही लिहितो. अशा २,००० हून अधिक खलाशांचे स्मारक मशीद बंदरच्या नाविक निवासात आहे. आयोगाच्या नोंदींत शोधताना इंग्रजीतील नावावर विसंबू नये, कारण आपली नावे तेथे ओळखू येणार नाहीत अशी लिहिलेली असतात. वडिलांचे नाव किंवा गाव घालून पाहावे.