पुरात भिजलेली सासूबाईंची पेटी परत वाजेल का?

वाशिष्ठीकाठ:
नमस्कार मंडळी. मला स्वतःला पेटी वाजवता येत नाही हे आधीच सांगते, तरी इथे विचारतेय कारण बाकी सगळीकडे विचारून झालं.

आम्ही चिपळूणला राहतो, बाजारपेठेपासून जवळच. २२ जुलै २०२१ ला पूर आला तेव्हा आमच्या तळमजल्यावर छातीएवढं पाणी होतं. आईंची (सासूबाईंची) पेटी कपाटाच्या खालच्या कप्प्यात, ती अख्खी पाण्याखाली गेली. दुसऱ्या दिवशी चिखलासकट बाहेर काढली, वरून पुसली, ओटीवर वाळवली आणि मग आईंच्याच एका जुन्या नऊवारीत गुंडाळून वर माळ्यावर ठेवून दिली, कारण तेव्हा घरात भांडीसुद्धा धड शिल्लक नव्हती, पेटीचं कोण बघणार.

नंतर एकदा मिस्टरांनी ती शहरात एका दुकानात नेली होती. तिथे उघडूनही न बघता सांगितलं की यात काही राम नाही, नवीन घ्या. आई त्यावर काही बोलल्या नाहीत. तीसेक वर्षं आमच्या आळीतल्या महिला भजनी मंडळात त्यांनी पेटी वाजवलीय, पण पुरानंतर त्यांनी एकदाही पेटीचं नाव काढलं नाही.

मागच्या एकादशीला टीव्हीवर अभंग लागला होता आणि आई खिचडीसाठी शेंगदाणे निवडत बसल्या होत्या. मी सहज बघितलं तर डावा हात मांडीशी मागेपुढे होतोय, भाता मारल्यासारखा, आणि उजव्या हाताची बोटं परातीच्या काठावरून चालतायत. त्यांना कळलंही नव्हतं. मला नंतर स्वयंपाकघरात जाऊन उभं राहावं लागलं.

तर पेटीची अवस्था अशी: भाता मारला की हवा फसकन निघून जाते. सात-आठ पट्ट्या दाबल्या की खालीच बसतात. एक सूर पट्टीला हात न लावताच वाजत राहतो. बाकीच्यांतून काही ठिकाणी नुसता फूं असा आवाज. लाकूड चांगलं जड आहे, सागवानी असावं असं मिस्टर म्हणतात. हिचं काही होईल का? कुणी नाही म्हणालं तरी चालेल, पण ते 'नाही' पेटी उघडून बघितलेल्या माणसाकडून ऐकायचंय मला.

कृष्णाकाठचा:
ताई, पेटी टाकू नका. आधी हे वाक्य वाचा आणि मग पुढचं.

मी सांगलीचा. २०१९ च्या ऑगस्टात आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं तेव्हा माझी पेटी आणि मुलाचा तबला दोन्ही बुडाले. तबल्याची पुडी गेलीच, पण पेटी आज वाजतेय, म्हणून अनुभवाचं सांगतो, मी काही कारागीर नाही, नोकरीतून निवृत्त झालेला हौशी माणूस आहे.

पेटीचा जीव तिच्या सुरांत असतो, म्हणजे आत बसवलेल्या त्या जिभा, ज्या हवेनं थरथरून वाजतात, आणि हे सूर पितळेचे. पितळ पाण्यानं मरत नाही, कळकतं फक्त. मरतो तो सरस, ज्यानं भाता आणि चामडी चिकटवलेली असतात, तो पाण्यात विरघळतो. म्हणजे तुमची हवा जातेय ती भात्याच्या घड्या सुटल्यामुळं जातेय, हे सगळं नव्यानं करता येतं. पट्ट्या खाली बसतायत कारण खालच्या स्प्रिंगा गंजल्या असणार, नाहीतर फुगलेल्या लाकडात पट्टी अडकत असणार. आणि जो सूर आपोआप वाजतोय त्याच्या पट्टीखालच्या चामड्याच्या गादीत वाळलेल्या चिखलाचा खडा बसला असेल, भोक नीट झाकलं जात नसेल, एवढंच.

मिस्टरांना म्हणावं झाकण काढा, स्क्रू एका वाटीत ठेवा, आणि प्रत्येक टप्प्याला मोबाईलवर फोटो काढत जा. सुरांची फळी बाहेर आली की तिचे समोरून स्वच्छ उजेडात फोटो इथे टाका. एकही सूर अजून सोडवू नका. तोंडाला रुमाल बांधा, पुराच्या चिखलाची बुरशी वाईट असते.

मधली सप्तक:
काका म्हणतात ते अगदी खरंय, त्यात थोडी भर घालते. पितळ काळंहिरवं दिसलं की घरात पहिला हात चिंचेकडे जातो, नाहीतर पॉलिश पेपरकडे. कृपा करून दोन्ही नको!! सुराची जी मधली जीभ असते तिच्या टोकाकडचं पितळ जरा जरी घासलं गेलं तर सूर चढतो, आणि मुळाकडे, रिबीटजवळ घासलं गेलं तर उतरतो. सूर जुळवणारे लोक कानशीनं हेच करतात, पण कानानं ऐकत ऐकत, केसाएवढं. आपण तांब्या घासल्यासारखं घासलं तर बेचाळीस पट्ट्यांची पेटी बेचाळीस दिशांना जाईल.

कोरडा मऊ ब्रश घ्या, लहान मुलांचा रंगवायचा चालतो. जिभेखाली काही अडकलं असेल तर पातळ कागदाची पट्टी हळूच सरकवून काढायची, जीभ वर उचलायची नाही. तेलबिल काहीही लावू नका.

आणि सुरांवर काही छापलेलं, कोरलेलं दिसलं तर तेही सांगा. जर्मन सूर असतील किंवा पॅरिसचे असतील तर तुमच्या हातात सोनं आहे, पालिताण्याचे असले तरी उत्तमच, गुजरातेतल्या पालिताण्याला हातानं सूर बनवायचं काम पिढ्यानपिढ्या चालत आलंय. दुकानदारानं न उघडता नाही म्हटलं याचा मला फार राग आला. हे वाद्य पॅरिसमध्ये जन्मलं (तिथल्या वाद्यकार दबेंचं १८४२ चं पेटंट आहे), मग कलकत्त्यात द्वारकानाथ घोषांनी ते मांडी घालून हातानं भाता मारायच्या रूपात आणलं, पुढे १९४० पासून १९७१ पर्यंत आकाशवाणीनं तिला दाराबाहेर ठेवलं, तरी नाटकांतून, कीर्तनांतून आणि तुमच्या आईंसारख्यांच्या भजनी मंडळांतून ती टिकली. इतकं सोसलेल्या वाद्याला असं बघायचं नसतं.

तुमच्या आईंना माझा नमस्कार सांगा.

फोंड्याचो:
गोव्यातून लिहितोय. आमच्याकडे पूर नसला तरी पावसाळ्यात चार महिने तीच तऱ्हा, भिंतीसुद्धा घाम गाळतात. पेटीवादक तुळशीदास बोरकर आमच्या इथल्या बोरीचे, त्यामुळे लहानपणापासून पेटीवर जीव.

मला एक वेगळं मांडायचंय, वाईट वाटून घेऊ नका. सुरांची फळी जर पिळवटली असेल, म्हणजे सपाट पृष्ठभागावर ठेवल्यावर एक कोपरा उचलला जात असेल, तर त्या जुन्या फळीवर खर्च करण्यात अर्थ नाही, हवा कुठून ना कुठून जातच राहते. पण तेव्हाही पेटी संपली असं नसतं. सगळे सूर क्रमानं काढून नव्या फळीवर, नव्या खोक्यात बसवतात. आवाज आईंचाच राहतो, फक्त घर बदलतं. माझ्या वडिलांच्या पेटीचं असंच केलं आणि मला सुरुवातीला ते पटलं नव्हतं, पण पहिला षड्ज लागला तेव्हा पटलं. तेव्हा फळी टेबलावर ठेवून बघाच.

वाशिष्ठीकाठ:
तुम्ही सगळ्यांनी इतकं लिहिलंत, मला काय बोलावं कळत नाहीये. काल रात्री आई झोपल्यावर मिस्टरांनी आणि मी पेटी उघडली. वर फोटो टाकलेत. आतल्या लाकडावर पाण्याची रेघ अजून दिसते, आणि सुरांच्या मधल्या जागांत गाळ अगदी वडी पाडल्यासारखा वाळून बसलाय. फळी टेबलावर ठेवली, चारही कोपरे टेकतात!! सुरांवर बारीक अक्षरं आहेत पण हिरव्या थराखाली वाचता येत नाहीत, घासलं नाही मी, घाबरू नका.

दोन ओळी सूर आहेत. भाता मात्र हातात घेतला तर पुठ्ठा पापडासारखा तुटला. आता पुढे आमच्या हातून होईल असं वाटत नाही.

सावर्डेकर मास्तर:
तुमच्या हातून होणार नाही ते माझ्या हातून होईल. मी सावर्ड्याला असतो, चिपळूणपासून अर्ध्या तासावर. शाळेत संगीत शिकवतो, शाळेच्या पेट्या मीच दुरुस्त करतो. रविवारी सकाळची शिकवणी संपली की येतो. पैशांचं काही बोलू नका, चहा चालेल. पत्ता इथे उघडा टाकू नका, निरोप पाठवलाय.

भात्यासाठी मला जाड पुठ्ठा मिळेल, कापड आहे, पण कोपऱ्यांना लागणारं पातळ मऊ चामडं संपलंय. इथे कुणाकडे आहे का?

कृष्णाकाठचा:
आहे. २०१९ ला आणलेलं उरलंय, हाताच्या दोन पंजांएवढं, भात्याच्या सगळ्या कोपऱ्यांना पुरून उरेल. स्प्रिंगाही डझनभर टाकतो. उद्या एसटीच्या पार्सलनं पाठवतो, चिपळूण स्टँडवर घ्या. माझ्या पेटीच्या वेळी मिरजेच्या एका तंतुवाद्य कारागिरानं, ज्यांचा पेटीशी काही संबंध नाही, सतार-तंबोऱ्याचं काम करतात ते, त्यांनी स्वतःची सरसाची बरणी मला दिली होती, त्यांच्या दुकानातही तेव्हा सगळा धंदा बसलेला. ते कुणाला परत करायचं म्हटलं तर घेत नव्हते. मग आता तुम्ही घ्या.

दूरदेशी:
मी बहारीनला असतो, हातानं मदत करू शकत नाही. पण फोटो मोठा करून, उजेड कमीजास्त करून बघितला, वरच्या ओळीतल्या तिसऱ्या सुरावर शेवटची अक्षरं मला ...NY अशी वाटतायत. जर्मनी असू शकेल, पण खात्रीनं सांगत नाही. मास्तर, तुम्ही प्रत्यक्ष बघाल तेव्हा नक्की लिहा, मी वाट बघतोय. इथे आम्ही गुरुवारी संध्याकाळी भजनाला जमतो तिथेही हा धागा वाचून दाखवला, सगळे विचारतायत पुढे काय झालं.

सावर्डेकर मास्तर:
जर्मन सूर आहेत. भिंगातून वाचले.

दोन रविवार गेले. भाता नवा केला, सांगलीच्या काकांचं चामडं सुंदर बसलं. भरून, सगळे स्टॉप (पुढचे हवा सोडायचे खटके) बंद करून सोडला तर फुगलेला राहतो, हळूहळूच बसतो. अकरा स्प्रिंगा बदलल्या. गाळ कोरडाच काढला, चमचाभर निघाला असेल, ताईंनी तो तुळशीत टाकला. बेचाळीसपैकी तीन पट्ट्या अजून एकाच ओळीत बोलतायत, म्हणजे त्यांच्या दोन सुरांपैकी एकच वाजतोय, ते पुढच्या खेपेला.

वाशिष्ठीकाठ:
पुढचं मी सांगते.

मास्तरांनी पेटी जोडली तेव्हा आई देवळातून यायच्या होत्या. आल्या, चपला काढल्या, आणि ओटीवर पेटी बघून तिथेच थांबल्या. कुणी काही बोललं नाही. मग पदर खोचला, खाली बसल्या, झाकणावरून एकदा हात फिरवला, आणि भाता उघडून पहिला सा धरला तो धरूनच ठेवला, मला वाटतं मिनिटभर तरी. शेजारच्या काकू हातातलं पीठ तसंच ठेवून धावत आल्या, त्या मंडळात टाळ वाजवायच्या. मास्तर डोळे पुसत होते, मिस्टर बाहेर गाडी बघायच्या निमित्तानं गेले.

मग आईंनी एकेक पट्टी हळूहळू दाबत आरोह केला, मध्येच थांबल्या, परत मागे गेल्या, आणि मास्तरांकडे बघून म्हणाल्या, "बाकी छान केलंत हो, पण हा मध्यम उतरलाय. बघा जरा." चार वर्षांनी पहिल्यांदा पेटीबद्दल बोलल्या त्या.

मास्तर म्हणतायत खरंच उतरलाय, त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. आता तो कानशीनं चढवायचा का?

मधली सप्तक:
आईंचा कान!! आज हे वाचून इतका आनंद झालाय.

कानस अजिबात नको. पुराच्या आधी तो मध्यम बरोबर होता ना, मग पितळ कमी झालेलं नाही, वर काहीतरी बसलंय. जिभेच्या टोकावर वजन वाढलं की सूर उतरतो, तिथे कळकलेला थर नाहीतर चिखलाचा पापुद्रा राहिलाय. कापसाच्या काडीला किंचित स्पिरिट लावून फक्त टोक पुसा, खाली कागदाचा आधार देऊन, आणि वाळल्यावर परत आईंनाच विचारा.

सावर्डेकर मास्तर:
बरोबर. रविवारी भिंग आणि स्पिरिट घेऊन येतो. ताई, आईंना सांगा तोवर मध्यम जपून.

वाशिष्ठीकाठ:
सांगितलं. ऐकत नाहीयेत, सकाळपासून भूपच वाजवतायत, त्यात मध्यम लागतच नाही म्हणे.