इंग्रजी शिकताना शब्द मोजायचे की अर्थ?

शब्दार्थी:
मी मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवते. लांबलचक, अवघड शब्दांपाशी ती अडत नाहीत. 'फोटोसिंथेसिस'ला एकच अर्थ आहे, एकदा कळला की विषय संपला. अडतात ती रन, सेट, गेट, टेक, फाइन, चार्ज यांच्यापाशी. बॅटरी चार्ज होते, दुकानदार पैसे चार्ज करतो, घोडदळ शत्रूवर चार्ज करतं, नवा अधिकारी चार्ज घेतो. विद्यार्थ्याने मात्र 'चार्ज म्हणजे शुल्क' एवढंच पाठ केलेलं असतं. मग बातमीत 'ही वॉज चार्ज्ड विथ मर्डर' वाचलं की तो त्यात पैसे शोधतो.

ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीने 'रन' या क्रियापदाची नोंद नव्याने लिहिली तेव्हा त्याचे ६४५ अर्थ निघाले. आणि आपण 'एवढे शब्द पाठ करा, इंग्रजी आलंच' असं सांगणारी पुस्तकं विकत घेतो! ब्रिटिश भाषातज्ज्ञ सी. के. ऑग्डेन यांनी १९३० साली ८५० शब्दांचं 'बेसिक इंग्लिश' मांडलं, त्यात क्रियापदं फक्त १८. हे जमलं कसं? 'सरेंडर' काढला आणि 'गिव्ह अप' ठेवला. 'गिव्ह' येतो, 'अप' येतो, पण दोन्ही मिळून शरण जाणं होतं हे वेगळं शिकावंच लागतं. यादी आखूड झाली, ओझं तेवढंच राहिलं.

माझं स्पष्ट मत आहे की नवे शब्द देण्याआधी रोजच्या शब्दांचे चार-पाच मुख्य अर्थ वाक्यांसकट, मुद्दाम शिकवावेत.

कोरा कागद:
असहमत. आपल्या 'लागणे'कडे बघा. भूक लागते, आग लागते, वेळ लागतो, निकाल लागतो, डोळा लागतो, ठेच लागते, नाद लागतो. यांची यादी कोणी पाठ केली होती? 'डोळा लागला' ऐकून कोणी जखम शोधत नाही. अर्थ शेजारच्या शब्दांतून येतो.

शिवाय हा इंग्रजीचा दोष नव्हे. जो शब्द जास्त वापरला जातो त्याला अर्थही जास्त असतात, हे भाषाशास्त्रज्ञ जॉर्ज किंग्सले झिफ यांनी १९४५ सालीच मांडलं होतं. ६४५ या आकड्याने घाबरवू नका. त्या कोशात शतकानुशतकांचे अर्थ आहेत, लुप्त झालेलेही. बारीकसारीक फरक टिपणं हे कोशकाराचं काम, शिकणाऱ्याचं नाही. त्याने भरपूर वाचावं, अर्थ आपोआप जमा होतात.

शब्दार्थी:
'लागणे' तुम्हाला येतं कारण ते लहानपणापासून दिवसरात्र कानावर पडलंय. माझ्या विद्यार्थ्यांकडे तेवढा वेळ नाही.

आणि खरी अडचण तुमच्या उत्तरात आलीच नाही. अनोळखी शब्द दिसला की माणूस थांबतो, कोश उघडतो. ओळखीच्या शब्दाचा अनोळखी अर्थ समोर आला तर तो थांबतच नाही. 'हा येतो मला' म्हणून पुढे जातो आणि चुकीचं समजून घेतो. 'सँक्शन' म्हणजे मंजुरी एवढंच ठाऊक असलेल्याला एखाद्या देशावर 'सँक्शन्स' म्हणजे निर्बंध लादल्याची बातमी उलटीच कळणार. शेजारचे शब्द मदत करतात, पण आधी शंका यायला हवी ना?

पानगळ:
दोघांनीही दोन वेगळ्या गोष्टी एकत्र केल्यात. काही शब्द नुसतेच सारखे दिसतात. 'क्लीव्ह' म्हणजे चिरणे आणि 'क्लीव्ह' म्हणजे चिकटणे ही जुन्या इंग्रजीतली दोन निरनिराळी क्रियापदं, कालांतराने उच्चार एक झाला. ती वेगवेगळीच शिकावी लागतात. पण बहुतेक नेहमीच्या शब्दांत एकाच अर्थाला फांद्या फुटलेल्या असतात. 'फाइन' म्हणजे छान आणि 'फाइन' म्हणजे दंड, दोन्ही लॅटिन 'फिनिस'मधून, म्हणजे शेवट. छान ते, जे अगदी शेवटच्या टोकापर्यंत नेलेलं. दंड तो, जो भरला की प्रकरण मिटलं.

'चार्ज' तर याहून सोपा. मूळ अर्थ गाडीवर ओझं लादणे. बॅटरीवर विजेचा भार, गिऱ्हाइकावर खर्चाचा भार, अधिकाऱ्यावर कामाचा भार, आरोपीवर आरोपाचा. मराठीतही कार्यभार आणि विद्युतभार आहेतच की. पाच अर्थांऐवजी हा एक धागा द्या, विद्यार्थी उरलेले स्वतः ओळखतील.

टीपकार:
'शेजारच्या शब्दांतून अर्थ येतो' हे सगळीकडे चालत नाही. २७ मार्च १९७७, स्पेनच्या टेनेरिफ बेटावरचा विमानतळ. सहवैमानिक म्हणाला, 'वी आर नाऊ अॅट टेक ऑफ'. नियंत्रकाला वाटलं विमान उड्डाणाच्या जागी उभं आहे, प्रत्यक्षात ते धावू लागलं होतं. ते धावपट्टीवरच्या दुसऱ्या विमानावर आदळलं, ५८३ माणसं गेली. त्यानंतर 'टेक ऑफ' हा शब्द फक्त उड्डाणाची परवानगी देताना किंवा ती रद्द करताना वापरायचा, एरवी 'डिपार्चर' म्हणायचं, असं ठरलं. विमानदुरुस्तीच्या पुस्तिकांसाठीच्या नियंत्रित इंग्रजीत, म्हणजे ठरलेले शब्द ठरलेल्या अर्थानेच वापरायच्या इंग्रजीत, तर 'फॉलो' म्हणजे केवळ 'मागून येणे'. 'सूचना पाळा' या अर्थाने तो चालत नाही.

कायद्यातही तेच. १९९३ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे प्रश्न होता की बंदूक देऊन अमली पदार्थ घेऊ पाहणाऱ्याने बंदूक 'यूज' केली का? सहा न्यायाधीश हो म्हणाले, तिघे नाही. गुन्ह्यात बंदूक 'यूज' केल्याबद्दल आरोपीच्या शिक्षेत ३० वर्षांची भर पडली. या नऊ जणांचं सगळं काम इंग्रजीतच चालत होतं.

कोरा कागद:
टेनेरिफला धुकं होतं, रेडिओवर दोन संदेश एकमेकांवर आदळले होते. सगळा दोष एका वाक्याला देणं बरोबर नाही. आणि 'यूज'च्या खटल्यात न्यायाधीशांना अर्थ ठाऊक नव्हते असं थोडंच आहे? 'नाही' म्हणणाऱ्या तिघांतले न्या. स्कॅलिया यांचा सवाल होता की 'तुम्ही काठी यूज करता का?' असं कोणी विचारलं तर तो घरात शोभेला ठेवलेल्या आजोबांच्या काठीबद्दल विचारतो का? यादी दोन्ही बाजूंकडे होती, वाद व्यवहारज्ञानाचा होता.

भाषेचे अभ्यासक यहोशुआ बार-हिलेल यांनी १९६० साली यंत्रभाषांतराबद्दल हेच दाखवलं. लहान मुलगा खेळण्यांचं खोकं शोधतोय, शेवटी ते सापडतं, 'द बॉक्स वॉज इन द पेन'. इथे 'पेन' म्हणजे बाळाला खेळायला ठेवतात तो कठडा. खोकं लेखणीत मावत नाही हे माणसाला ठाऊक असतं, तेव्हाच्या यंत्राला नव्हतं. असली समज कुठल्या यादीत बसवणार?

शब्दार्थी:
पानगळ, 'चार्ज' आता 'भार' धरूनच शिकवेन, मनापासून आभार.

कोरा कागद, 'पेन'चं उदाहरण तुम्ही दिलंत हे बरं झालं. खोकं लेखणीत मावत नाही हे माझ्या प्रत्येक विद्यार्थ्याला कळतं. पण 'पेन' म्हणजे कठडाही असतो, हे कोणी सांगितलेलं नसेल तर खोकं नेमकं कुठे होतं, हे त्याला नुसत्या व्यवहारज्ञानाने कसं कळणार?